३.०९ ग्रॅमचा १९८२-डी: सेंटच्या पेटीतल्या एका संशयित नाण्याचा छडा

अमेरिकेत बँकेतून सेंटची एक पेटी घेतली की २५ डॉलरमध्ये २,५०० नाणी हातात येतात: ५० रोल, प्रत्येकात ५० नाणी. चाळून उरलेली नाणी त्याच किमतीला पुन्हा बँकेत जमा होतात, त्यामुळे खर्च होतो तो मुख्यतः वेळ. या प्रकरणातली पेटी वापरातल्या, मशीनने गुंडाळलेल्या मिश्र नाण्यांची होती. तिच्यातून वेगळ्या काढलेल्या १९८२ च्या नाण्यांपैकी एकावर तारखेखाली ‘डी’ (डेन्व्हरच्या टांकसाळीचं चिन्ह) होता, वजन ३.०९ ग्रॅम भरत होतं आणि तारीख ‘लहान’, म्हणजे वर्षाचे आकडे छोटे वाटत होते. या तिन्ही गोष्टी एकाच नाण्यात खऱ्या असतील, तर आधुनिक सेंटमधल्या सर्वांत दुर्मिळ चुकांपैकी एक हाती लागली असं म्हणावं लागतं.

तिसरी गोष्ट खरी नव्हती. ती खरी का वाटली आणि कोणत्या तपासणीत पडली, तेवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

१९८२ मध्ये नेमकं काय झालं होतं

तांब्याचा भाव चढल्यामुळे अमेरिकेच्या टांकसाळीने १९८२ मध्ये सेंटचा धातू बदलला. आधीच्या नाण्यात ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त असे, वजन ३.११ ग्रॅम. नव्या नाण्याचा गाभा जस्ताचा आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, एकूण ९७.५ टक्के जस्त, २.५ टक्के तांबं आणि वजन २.५ ग्रॅम. व्यास दोन्हींचा १९.०५ मिलिमीटरच राहिला, म्हणजे दोन्ही नाणी शेजारी ठेवली तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

त्याच वर्षी तारखेच्या आकड्यांची ठेवणही बदलली. आधीचे आकडे मोठे, नंतरचे लहान. दोन धातू, दोन तारखा आणि दोन प्रकारची नाणी (डेन्व्हरची ‘डी’ असलेली आणि चिन्ह नसलेली) असा गुणाकार केला तर आठ प्रकार होतात. टांकसाळीने रीतसर काढले सात. चिन्ह नसलेल्या नाण्यांत चारही जोड्या मिळतात. ‘डी’मध्ये मात्र तीनच: मोठी तारीख तांब्यात, मोठी तारीख जस्तात आणि लहान तारीख जस्तात. आठवा प्रकार, म्हणजे लहान तारखेचा तांब्यातला ‘डी’, निघायला नको होता. २०१६ मध्ये असं एक नाणं समोर आलं आणि एनजीसी या ग्रेडिंग कंपनीने (नाण्याची अस्सलता आणि दर्जा ठरवणाऱ्या) ते खरं म्हणून प्रमाणित केलं. सर्वसाधारण समज असा की जुन्या धातूच्या काही कोऱ्या चकत्या कुठेतरी अडकून राहिल्या आणि लहान तारखेचा ठसा लावलेल्या प्रेसमध्ये गेल्या. १९८३ चे तांब्यातले मोजके सेंट मिळाले आहेत, त्यांच्यामागेही हेच कारण असतं.

त्यामुळे १९८२ चा प्रत्येक ‘डी’ वजनकाट्यावर ठेवायचा, ही सवय पेटी चाळणाऱ्यांना लागली आहे. सवय चांगली आहे. फक्त काटा धातू सांगतो, तारखेचा प्रकार सांगत नाही, आणि घोटाळे होतात ते या दुसऱ्या भागात.

पेटी फोडण्याची पद्धत

रोल फोडून नाणी ट्रेमध्ये एका थरात पसरली आणि आधी तीन ढीग केले: १९८२ च्या आधीची, १९८२ ची आणि नंतरची. पहिल्या ढिगात १९५८ पर्यंतची गव्हाच्या लोंब्यांची नाणी मागच्या बाजूवरून लगेच ओळखू येतात. बाकीच्यांत १९६९-एस (‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ) आणि १९७२ दुहेरी छापासाठी आणि १९७०-एस लहान तारखेसाठी, एवढी वर्षं भिंगाखाली जातात. तिसऱ्या ढिगात १९८३ ची मागची बाजू आणि १९८४ मधला लिंकनचा कान दुहेरी छापलेला आहे का, १९९२ मध्ये ‘अमेरिका’ शब्दातली ‘ए’ आणि ‘एम’ ही अक्षरं पायाशी जवळजवळ टेकलेली आहेत का, १९९५ ची दर्शनी बाजू दुहेरी आहे का आणि १९९८ ते २००० मध्ये तीच दोन अक्षरं उलट लांब आहेत का, एवढं पाहून पुढे जायचं. प्रत्येक नाण्याची प्रत्येक बाजू भिंगाखाली घालणारे तिसऱ्या पेटीपर्यंत कंटाळतात.

रोल फोडण्याआधीचा एक उपयोगी हिशेब आहे. ५० तांब्याच्या सेंटचं वजन १५५.५ ग्रॅम, ५० जस्ताच्या सेंटचं १२५ ग्रॅम. दर नाण्यामागे फरक ०.६१ ग्रॅमचा. रोलच्या वजनातून कागदाचं वजन आणि १२५ वजा करून उरलेल्याला ०.६१ ने भागलं की आत साधारण किती तांब्याची नाणी आहेत ते कळतं. कागदाचं वजन वगळून रोल १३७ ग्रॅम भरला तर सुमारे २०. झिजलेली नाणी हिशेब थोडा खाली ओढतात, पण जुन्या नाण्यांनी भरलेला रोल कोणता हे न फोडता समजतं.

तांब्याची नाणी साठवणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकू: सेंट आणि निकेल (पाच सेंटचं नाणं) वितळवायला अमेरिकेत २००६ च्या डिसेंबरपासून बंदी आहे, आणि देशाबाहेर जाताना ही नाणी साधारणपणे ५ डॉलरपर्यंतच बरोबर नेता येतात. सुट्टीत घरी येताना बॅगेत तांब्याच्या सेंटचे रोल भरणं या नियमात बसत नाही.

१९८२ चा ढीग वजनासाठी वेगळा झाला. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि प्रमाणित वजनाने तपासून घ्यायचा. प्रमाणित वजन जवळ नसेल तर कमी झिजलेला अमेरिकन निकेल चालतो. त्याचं ठरलेलं वजन ५.०० ग्रॅम. निकेल ४.७ किंवा ५.३ दाखवत असेल तर दोष बहुधा काट्याचा असतो. दर दहा-बारा नाण्यांनंतर शून्य पुन्हा पाहायचं, कारण स्वस्त काटे हळूहळू सरकतात आणि सरकलेला काटा एका पाठोपाठ एक ‘विचित्र वजनाची’ नाणी शोधून देतो.

टांकसाळीची सहनमर्यादा तांब्याच्या सेंटला ०.१३ ग्रॅम वर-खाली, जस्ताच्या सेंटला ०.१०. म्हणजे तांबं २.९८ ते ३.२४ आणि जस्त २.४० ते २.६०. मधलं २.६० ते २.९८ हे अंतर जवळजवळ मोकळं असतं. तिथे पडणारं नाणं खूप झिजलेलं तांब्याचं असतं, पातळ पत्र्यातून कापलेल्या चकतीचं असतं किंवा कोणीतरी छेडछाड केलेलं असतं. अशा वेळी घनता काढावी. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि काठाला लागणार नाही असं धरायचं आणि वाढलेलं वजन वाचायचं. सेंटसाठी ते ०.३५ ग्रॅमच्या आसपास येतं. नाण्याचं हवेतलं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता: तांब्याच्या सेंटला ८.८ च्या जवळपास, जस्ताच्याला ७.१ च्या. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ०.३५ ऐवजी ०.३४ किंवा ०.३६ वाचलं गेलं तरी उत्तर ८.६ ते ९.१ मध्येच राहतं आणि जस्ताशी गल्लत होत नाही. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा मात्र सगळं बिघडवतो. एक थेंब भांडी घासायचं साबणपाणी त्यावर उपाय.

टेबलावर टाकून आवाज ऐकण्याची जुनी युक्ती, तांबं खणखणतं आणि जस्त बद्द वाजतं, ढीग वेगळे करायला ठीक आहे. संशयित नाण्यावर ती करू नये. कडेवर नवी ठोकर पडते आणि या प्रकरणात कडच साक्षीदार होती.

संशयित नाणं

वजन ३.०९. दोन वेळा काढलं, निकेल ठेवून काटा तपासला, पुन्हा ३.०९. मर्यादेच्या आत आणि जस्तापासून इतकं दूर की घनतेची गरज उरली नाही. धातू तांब्याचाच, हा मुद्दा तिथेच संपला.

‘डी’ स्पष्ट होता. तरीही १० पट भिंगाखाली तो पाहणं गरजेचं होतं, आणि याचं कारण साधं आहे. चिन्ह नसलेलं, लहान तारखेचं, तांब्यातलं १९८२ चं नाणं सहज मिळतं. त्यावर दुसऱ्या नाण्यावरून कापलेला ‘डी’ चिकटवला की आठवा प्रकार ‘तयार’ होतो. चिकटवलेल्या अक्षराच्या पायाशी बारीक फट, डिंकाचा चकाकता कडा किंवा रंगातला फरक दिसतो. खऱ्या ‘डी’चा पाया मैदानातून, म्हणजे नाण्याच्या सपाट भागातून, सलग वर येतो. इथे पाया सलग होता. ‘डी’ नेहमीच्या जागेपेक्षा किंचित सरकलेला वाटत होता, पण त्याला महत्त्व नाही. त्या काळी चिन्ह प्रत्येक ठशात हाताने ठोकत. १९९० पासून ते ज्यावरून ठसे बनतात त्या मूळ साच्यातच आलं. म्हणून १९८२ च्या ‘डी’ची जागा ठशागणिक बदलते. उलट याच कारणाने या वर्षांत दोनदा ठोकलेला ‘डी’ मिळण्याची शक्यता असते, तेव्हा भिंग तिथे नेलंच आहे तर अक्षराच्या पोटात आणि पाठीला दुसऱ्या ‘डी’ची रेघ आहे का ते पाहून घ्यावं. नव्हती.

तारीख मात्र हाताने ठोकलेली नसते. ती साच्यातच असते, त्यामुळे मोठ्या तारखेच्या सगळ्या नाण्यांवर आकड्यांचा आकार एकच आणि लहान तारखेच्या सगळ्यांवर दुसरा. या दोन्हींच्या मधलं असं काही नसतं. जिथे ‘मधलं’ दिसतं तिथे झीज, घाण, ठोकर किंवा प्रकाश आपला खेळ करत असतो.

पहिल्या तपासणीत तारीख ‘लहान’ ठरवली गेली ती एकाच खुणेवरून: आकडे नाण्याच्या टोकापासून आत दिसत होते. ही खूण चुकीची नाही. मोठ्या तारखेचे आकडे कडेला जवळ असतात, लहान तारखेचे दूर. प्रश्न अंतर कुठून मोजलं हा होता.

कड नेमकी कुठे सुरू होते

नाण्याची उठावदार कड ठशातूनच येते, म्हणजे तारीख आणि कडेची आतली किनार यांच्यातलं अंतर ठशात कायमचं ठरलेलं असतं. कडेची बाहेरची बाजू म्हणजे नाण्याचं टोक. ते ठरतं छाप पडताना चकतीभोवती असलेल्या कॉलरवरून, म्हणजे धातूला बाहेर पसरू न देणाऱ्या कड्यावरून. ठसा कॉलरच्या बरोबर मधोमध बसला असेल तर कड सगळीकडे सारख्या रुंदीची येते. ठसा एका बाजूला सरकला असेल तर एका बाजूची कड बारीक होते आणि समोरची रुंद, पायरीसारखी. अशा नाण्यावर तारीख टोकापासून लांब दिसते, पण आतल्या किनारीपासून होती तिथेच असते.

या नाण्याची दर्शनी बाजू नेमकी अशी सरकलेली होती. तारखेच्या बाजूची, म्हणजे लिंकनच्या छातीपुढची कड रुंद, त्याच्या पाठीमागची बारीक. मागची बाजू मात्र बरोबर मधोमध. दोन्ही बाजू सरकल्या असत्या तर चकतीच जागेवरून हलली होती असं म्हणता आलं असतं. एकच बाजू सरकली म्हणजे तिचा ठसा तिरपा किंवा बाजूला बसला होता. नेहमीची, वापरातल्या नाण्यांत अधूनमधून मिळणारी गोष्ट.

हे आधी दिसलं नाही, कारण रुंद कड आणि तारीख यांच्यामधल्या खाचेत काळी चिकट घाण भरली होती. कडेची आतली किनार त्या घाणीखाली गेली आणि डोळ्याने घाणीचा कडाच किनार म्हणून धरला. इथे अ‍ॅसिटोन वापरलं: शुद्ध, दुकानातलं नेलपॉलिश काढायचं नव्हे, कारण त्यात सुगंध आणि तेल असतं. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, आसपास ज्योत नसताना नाणं काही मिनिटं बुडवायचं, दुसऱ्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमध्ये खळबळायचं आणि मऊ कापडावर ठेवून आपोआप वाळू द्यायचं. ब्रश, काडी, बोट काहीही घासायचं नाही. अ‍ॅसिटोन डिंक आणि तेलकट मळ सोडवतं, धातूला हात लावत नाही. लिंबू, व्हिनेगर, चिंच, कोकम यांनी तांबं झळकतं आणि नाण्याचा पृष्ठभाग कायमचा जातो. ग्रेडिंग कंपन्या असं नाणं ‘साफ केलेलं’ म्हणूनच परत करतात. सगळी घाण निघाली नाही. किनारीची रेघ दिसण्याइतकी निघाली, तेवढी पुरली.

दोनचा आकडा

किनारीपासूनचं अंतर हे मत पालटायला पुरेसं होतं, निकालाला नाही. निकाल ‘२’ने दिला. लहान तारखेत ‘२’ची मान वळसा घेत पायापर्यंत उतरते. मोठ्या तारखेत तीच रेघ जवळजवळ सरळ, तिरकी खाली येते आणि पायाशी कोन करते. झिजलेल्या नाण्यावरही हा फरक टिकतो, कारण तो रेघेच्या दिशेचा आहे, जाडीचा नाही. आकड्यांची उंची नुसत्या डोळ्यांनी ठरवायला जाऊ नये. झिजलेले आकडे लहान वाटतात, तिरक्या प्रकाशात सावलीसकट मोठे वाटतात.

खात्रीसाठी संशयित नाणं चार ओळखीच्या १९८२ च्या शेजारी ठेवलं: चिन्हाशिवाय मोठी तारीख, चिन्हाशिवाय लहान तारीख, ‘डी’ मोठी तारीख, ‘डी’ लहान तारीख. चारही नाणी बहुतेक कोणत्याही मोठ्या ढिगातून जमवता येतात आणि एकदा जमवली की छापील चित्रांपेक्षा जास्त कामी येतात. सगळी एकाच चौकटीत, लिंकनचं डोकं एकाच दिशेला, दिवा एकाच बाजूने कमी उंचीवर ठेवून फोटो काढला. मग दिवा समोरच्या बाजूला नेऊन दुसरा. फोनचा कॅमेरा कडा ‘सुधारतो’ आणि त्याने नसलेली रेघ उभी राहते, म्हणून एका फोटोवर भरवसा ठेवायचा नाही. दोन्ही फोटोंत संशयिताचा ‘२’ मोठ्या तारखेच्या रांगेत बसला. सरळ तिरकी रेघ, पायाशी कोन.

निष्कर्ष: १९८२-डी, मोठी तारीख, तांबं. रीतसर सात प्रकारांपैकी एक. शिवाय दर्शनी बाजूचा ठसा थोडा सरकलेला.

ग्रेडिंगला पाठवायचं का? नाही. झिजलेल्या नेहमीच्या सेंटसाठी प्रमाणनाचं आणि टपालाचं शुल्क नाण्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतं, आणि एवढ्या सौम्य सरकण्याला बाजारात फारशी मागणी नसते. कड एका बाजूला पूर्ण नाहीशी झाली असती तर गोष्ट वेगळी. निकाल उलटा लागला असता, ‘२’ वळणदार आणि ‘डी’ अस्सल निघाला असता, तर मात्र नाणं त्याच क्षणी हाताळणं बंद करून, आणखी काहीही साफ न करता, वजनाच्या फोटोसह थेट प्रमाणनाला पाठवणं हाच एक मार्ग होता. अशा नाण्याला प्रमाणपत्राशिवाय कोणी किंमत देत नाही, आणि द्यायलाही नको.

याच पेटीतला दुसरा संशयित

१९८३ च्या एका सेंटच्या मागच्या बाजूला अक्षरं दुहेरी दिसत होती. त्या वर्षाचा प्रसिद्ध डबल डाय (ठशातच प्रतिमा दुहेरी असलेलं नाणं) ठळक आहे: मागच्या बाजूची सगळी अक्षरं वरच्या दिशेला दुणावलेली, दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उठावदार, अक्षरांच्या टोकांना खाच पडलेली. इथे दुसरी प्रतिमा सपाट पायरीसारखी होती आणि मूळ अक्षर तेवढंच बारीक झालं होतं. हे मशीनचं दुणावणं: छाप पडल्यावर ठसा किंचित सरकतो आणि उठलेला धातू दाबून सपाट करतो. ठशात काहीच दुहेरी नसतं. जस्ताच्या सेंटमध्ये तिसरी फसवणूकही भेटते. अक्षरालगत तांब्याचा मुलामा फाटतो आणि खालचं जस्त करड्या रेघेसारखं उघडं पडतं. फोटोत ती रेघ हुबेहूब दुसऱ्या अक्षरासारखी दिसते. मुलाम्याखाली हवेचे फोड आले तर तारखेवर नवे ‘आकडे’सुद्धा उगवतात. सुईने टोचून पाहू नये, १० पट भिंगात फोडाची गोलाई दिसतेच. नाणं ढिगात परत गेलं.

नोंद आणि परतावा

मोठ्या तारखेचं नाणं पीव्हीसी नसलेल्या चौकोनी पाकिटात गेलं. लेबलवर एवढंच: १९८२-डी, मोठी तारीख, तांबं, ३.०९ ग्रॅम, दर्शनी ठसा तारखेच्या विरुद्ध बाजूला सरकलेला. ‘लहान तारीख नाही’ हेही मुद्दाम लिहिलं, कारण पाकीट सहा महिन्यांनी हातात आलं की तोच संशय नव्याने येतो. शक्य असेल तर सरकलेल्या कडेचा फोटो त्याच क्रमांकाने ठेवावा.

बाकीची नाणी ५०-५० मोजून पुन्हा गुंडाळली आणि प्रत्येक रोलच्या टोकाला पेनने छोटी खूण केली. खूण केलेले रोल पुढच्या पेटीत परत आले तर आपलीच चाळलेली नाणी आपण पुन्हा घेतोय हे लगेच कळतं. म्हणूनच पेटी एका शाखेतून घ्यावी आणि जमा दुसरीकडे करावी. घेणाऱ्या शाखेतच ओतत राहिलं तर रोखपाल कंटाळतो आणि पेटी मागायला गेल्यावर तोंड वाकडं करतो. आता तर जपून वागायला आणखी एक कारण आहे. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला गेला. नव्या नाण्यांची भर थांबली, आणि बँकेच्या काउंटरवर सेंट मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आधीपेक्षा अधिक बारकाईने पाहिलं जाऊ शकतं.